तिसरा कागद

चिखली,
मंगळवार, २ डिसेंबर

मीरासाहेब, तुला कोंडीरामचा रामराम आणि परवीनवहिनींना सलाम.

सांगवीला लेकीकडे, सादिकाकडे तुम्ही दोघं सुखरूप असाल. तिच्या धाकटीला दात आले का? तुझा फोन वाजून वाजून बंद होतो. शेवटी ठकुबाई म्हणाली, "लिव्हा की कागद. सातवी शिकलाय, त्येचा कायतरी उपेग करा." शाळा मी चौथीतच सोडली, पुढचं सगळं वर्तमानपत्रं वाचून शिकलो. पण लग्न जमवताना सातवी सांगितली होती. बायको अजून तो मान राखून आहे.

तुझ्या वेल्डिंगच्या गाळ्याचं कुलूप शाबूत आहे. शटरपुढे रोज झाडून घेतो. नळाला पाणी एक दिवसाआडच येतं आणि तुझी मोटर बंद, म्हणून आमची टाकी कोरडी. ठकुबाई हंडे भरते आणि दर हंड्याला माझ्याकडे बघते. एकतीस वर्षं तुझी मोटर आणि माझी टाकी, त्यावर दोन घरं पाणी प्याली. तुझं घर आणि गाळा माझ्या जागेत, मीटर माझ्या नावावर, आणि माझ्या दारातला प्रत्येक खिळा, प्रत्येक जोड तुझ्या हातचा. कागद आपल्यात कधी लागलाच नाही. त्याला आपण दोस्ती म्हणत आलो. हल्ली वाटतं, आधी गरज होती, दोस्ती तिच्यावर सायीसारखी धरली. साय खोटी नसते रे. पण खाली दूध लागतं.

आपल्या नगरसेवकाचं, रणजीतशेठचं तरी दुसरं काय होतं? दर निवडणुकीला मी केंद्राबाहेर टेबल टाकून यादी घेऊन बसायचो, तू गल्लीतली माणसं टेम्पोतून आणायचास. त्याला मतं, आपल्याला ड्रेनेज, दिव्याचा खांब, वेळेला दवाखान्यात खाट. तो मला काका म्हणायचा, पाया पडायचा, आणि ठकुबाई त्याला जावयासारखा चहा करायची. या खेपेला वॉर्डाची हद्द बदलली. आपल्या गल्लीची मतं उलटी जातील असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. तरी घरी आला, पाया पडला.

"काका, गल्ली सोडून गेलेल्यांची नावं यादीतून काढायचीत. हरकतीच्या अर्जावर इथल्याच माणसाची सही लागते. तुमची सही म्हणजे गल्लीचा शब्द."

निघताना चप्पल घालता घालता म्हणाला, "गोरक्षचा गेटपास याच महिन्यात संपतोय ना?"

चाकणच्या कंपनीत आमच्या पोराला ज्याने ठेक्यावर लावलंय, तो ठेकेदार शेठचा मेव्हणा, आणि पास नवा करणं त्याच्याच हातात. हे तुला सांगायला नको. गोरक्षच्या हातात वेल्डिंगचं हत्यार पहिल्यांदा तूच दिलंस.

निवडणूक कचेरीतल्या सुनावणीचा दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. साहेबाने तुझ्या नावावरचा हरकतीचा अर्ज दाखवला तेव्हा तू हसलास. "साहेब, ही सही कोंडीरामची न्हाईच. कुणीतरी बनावट केलीय. त्यो असं करायचा न्हाई. इचारा त्याला, समोरच राहतो माझ्या." केवढ्या जोरात बोललास! बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

साहेबाने मला विचारलं, "सही तुमची?"

मी म्हणालो, "व्हय."

"मग हे त्या पत्त्यावर राहतात की नाही? यांच्या आधारवर जुन्या गावचा पत्ता आहे. लाइटबिल तुमच्या नावाचं आहे. तुम्हीच सांगा."

दाराशी शेठचा माणूस मोबाइलमध्ये बघत उभा होता. मी म्हणालो, "मला नक्की म्हाईत न्हाई, साहेब."

एवढंच म्हणालो. त्यावर तुझं नाव गेलं, वहिनींचंही गेलं.

जिन्यात तुझा हात धरून मी म्हणालो, "भावा, अर्ज कोरे होते. गल्लीच्या कामाला करतो तशा सह्या केल्या, पुढं त्यांनी काय भरलं मला ठाऊक न्हाई." तू "बरं" म्हणालास, हात हळूच सोडवून घेतलास आणि दुसऱ्या दिवशी सांगवीला गेलास.

मीरासाहेब, अर्ज कोरे नव्हते.

अकरा होते आणि सगळे भरलेले होते. पहिल्या दोघांनी खरंच गल्ली सोडलीय. तिसरा कागद तुझा, चौथा वहिनींचा. मी चष्मा लावून वाचला. मग चष्मा काढून ठेवला आणि सही केली. सही करताना तुझा गाळा इथून ऐकू येत होता, ग्राइंडर चालू होता.

गोरक्षला काल पास मिळाला, अकरा महिन्यांचा. ठकुबाईने देवापुढे पेढे ठेवले. मला एक दिला, तो खिशात विरघळला. गोरक्षला यातलं काही ठाऊक नाही. "मीरासाहेबचाचा कधी येणार?" म्हणून दोनदा विचारून झालं त्याचं.

अपिलाची मुदत सोमवारपर्यंत आहे असं कचेरीत कळलं. हा माणूस माझ्यासमोर एकतीस वर्षं राहतो, एवढं मी लिहून दिलं तर नाव परत चढेल. चार वेळा लिहायला बसलो. चारही वेळा गोरक्ष जेवायला आला आणि मी वही मिटली. पाचव्यांदा बसणार नाही. तुला खोटी आशा लावत नाही.

मात्र हे पत्रही माझ्याच हातचं आहे. सगळं यात आलंय. तू हे साहेबापुढे टाकलंस तर तुमची दोघांची नावं परत येतील, गोरक्षचा पास जाईल, आणि मला तोंड लपवायला जागा राहणार नाही. तुला कुणी बोल लावणार नाही. मी तर नाहीच.

पण तू टाकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. गोरक्षचं नाव आलं की तुझा हात उचलला जाणार नाही. ते ठाऊक आहे म्हणूनच एवढं लिहायची हिंमत झाली. बघ, पाप कबूल करायलाही मला तुझाच चांगुलपणा लागला.

पत्राचं उत्तर मागत नाही.

तुझ्याकडून घेऊन घेऊन अजून पोट न भरलेला,
कोंडीराम