पंधरा अंशांचा डिसेंबर आणि तुमची स्लेज

अहो,

दचकू नका, मीच आहे. लग्नानंतर आपण कायम एकाच घरात, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. आज आली, कारण तुमच्याशी भांडायचंय आणि तुम्ही मार्चमध्येच निघून गेलात. आपल्या लेकाने, निखिलने, शनिवारसाठी बर्फाचं तिकीट काढलंय. हो, बर्फाचं! वॉटफर्डपासून थोड्या अंतरावर एका भल्यामोठ्या शेडमध्ये मशीनने बर्फ पाडतात म्हणे. तिथे आईला न्यायचं, एकदा घसरवायचं आणि तुम्हाला दिलेल्या शब्दातून मोकळं करायचं, असा त्याचा बेत आहे. आता मी जायचं की नाही, हे तुम्हाला विचारल्याशिवाय कसं ठरवू?

पण आधी हवा सांगते. नाहीतर पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरायचं नाही.

डिसेंबर निम्मा सरला आणि बाहेर पंधरा अंश आहेत! शेजारच्या पॅमचा गुलाब फुललाय. लॉन वाढतंय. काल एक मधमाशी स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन चौकशी करून गेली. माझा तो जाड कोट, जो तुम्ही हौसेने आणि दोन साइझ मोठा आणलात, तो कपाटात घाम गाळतोय. पॅम रोज कुंपणावरून म्हणते, "माइल्ड, इझन्ट इट?" आणि मी रोज म्हणते, "व्हेरी माइल्ड." एवढ्यावर आमची मैत्री टिकून आहे.

तुम्ही असतात तर हे ऐकून जेवला नसतात.

मला एक सांगा, नागपूरच्या माणसाला बर्फाचं एवढं वेड का असावं? मी पुण्याची, मला थंडी म्हणजे स्वेटर आणि आल्याचा चहा, एवढंच ठाऊक. तुम्ही मात्र म्हणायचात, "सारा जन्म भाजून निघालो ना मी. आता देवानं थोडं थंड करावं." आणि मग कुठल्याशा कार बूट सेलमधून, डिकीतल्या जुन्या सामानाच्या बाजारातून, ती बर्फावरून घसरायची लाकडी स्लेज उचलून आणलीत. दोघांची. मी विचारलं, "दुसरं कोण बसणार?" तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "स्वप्नात."

तेव्हापासून दर नोव्हेंबरला स्लेज पुढच्या दाराशी, ती मार्चपर्यंत. पोस्टमन अडखळला, मी अडखळले, तुमची बहीण नागपूरहून आली ती घरात पाऊल टाकायच्या आधी अडखळली. आणि तुमची ती फोनवरची तीन हवामानाची ॲप्स! एकात पाऊस, दुसऱ्यात ऊन, तिसऱ्यात हिमकणाचं एवढंसं चित्र. तुमचा विश्वास नेहमी तिसऱ्यावर. "उद्या पक्का पडते, पाहा तू!" उद्या काय पडायचं? पाऊस. बारीक, चिकट, सरकारी पाऊस.

आणि जेव्हा खरोखर पडला, गुडघाभर, तेव्हा तुम्ही कुठे? नागपुरात, पुतण्याच्या लग्नात! मी प्रेमाने फोटो पाठवले, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. जसा काही मीच पाडला होता.

एकदाच काय ते जमलं. सकाळी पातळसा थर होता, खालचं गवत डोकं वर काढून बघत होतं. तुम्ही स्लेज घेऊन पार्कातल्या उतारावर. मी वर, हातात थर्मास. "ये ना, मागे बस, कमरेला धर!" असं तुम्ही सगळ्या पार्काला ऐकू जाईल एवढ्याने ओरडलात. मी तिकडच्या झाडाकडे पाहत राहिले, ओळखच नसल्यासारखी. मग एकटेच निघालात आणि बरोबर मध्यावर गवतात रुतून बसलात. तिथून हात हलवून काय म्हणालात, आठवतं? "अर्धा झाला! उरलेला पुढच्या वर्षी!" पुढच्या वर्षी काही पडलाच नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

आता दहाव्याबद्दल बोलते. तेव्हापासून मनात आहे.

विधी त्याच पार्कात केला. गुरुजी नागपुरात, व्हिडिओ कॉलवर. निखिलने फोन झाडाला टेकवून ठेवला होता. पॅम काळा कोट घालून आली होती, बिचारी हात जोडून उभी. पिंड ठेवला आणि आम्ही मागे झालो. आधी कबुतरं आली, त्यांना हाकललं. मग खार आली.

"कावळा आला का?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, खार आलीय."

"खार चालत नाही."

कावळा होता हो, समोरच्याच बाकावर. धष्टपुष्ट, पोट भरलेला इंग्लिश कावळा. पण शिवेल तर शपथ! गुरुजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिलीय त्यांची. शब्द द्या." पॅमने हळूच विचारलं, "व्हॉट आर वी वेटिंग फॉर?" निखिल म्हणाला, "अ क्रो." त्यावर ती अगदी गंभीरपणे म्हणते, "एनी पर्टिक्युलर वन?" अहो, अशा प्रसंगी मला हसू फुटलं! पदर असता तर तोंडात कोंबला असता. जॅकेटची कॉलर कोंबली.

निखिल पुढे झाला. तुमचा लेक आणि त्याचं मराठी! "बाबा, मी आईचा काळजी घेईन." कावळ्याने मान फिरवली. "बाबा, तुमचा गाडी विकणार नाही." कावळा पंख खाजवत बसला. मग त्याने मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "ओके बाबा, मी लग्न करेन." त्यालाही तुम्ही दाद दिली नाहीत! मी मात्र ते साक्षीदारांसमोर वदवून घेतल्याची मनात नोंद केली.

पाऊस भुरभुरायला लागला. माझा गुडघा ठणकायला लागला. आणि माझं पुणेरी डोकं फिरलं. "अहो, बसते बाई तुमच्या त्या स्लेजवर! बर्फ पडला की याच उतारावरून घसरून दाखवते. झालं समाधान?"

वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर! खाऊन झाल्यावर चोच गवताला पुसली, नागपुरी सांबारवडी खाऊन तुम्ही मिशी पुसायचात अगदी तशी. मग मात्र मला रडू आवरेना. पॅमने मला जवळ घेतलं. "ही वॉज हंग्री," असं म्हणत राहिली बिचारी.

तर असा मी शब्द देऊन बसले. या वयात, या गुडघ्यानिशी!

खरं सांगू? नोव्हेंबरात हवा उबदार राहिली तेव्हा मला बरंच वाटलं. सुटले, म्हटलं. पण मग काय झालं कोण जाणे, मी तुमचा फोन चार्ज करून ठेवायला लागले. रोज संध्याकाळी तिन्ही ॲप्स उघडते. पहिल्यात ढग, दुसऱ्यात ढग, तिसऱ्याला तर आता हिमकणाचं चित्र काढायचं असतं हेच आठवत नाही. स्कॉटलंडात पडला म्हणे. तिथे कोण आहे आपलं? परवा पॅम म्हणाली, "मेबी नो स्नो ॲट ऑल धिस इयर," आणि मी तिच्यावर अशी खेकसले की तिने लगेच केक आणून दिला.

हे सगळं पाहूनच निखिलने ते तिकीट काढलं. "आई, तू रोज बाबांचा फोन बघत बसते. एकदा जाऊन येऊ, डन, फिनिश." मी म्हटलं, मशीनचा बर्फ चालत नाही. त्याने गुरुजींना फोन लावला. गुरुजी तुमच्यापेक्षा उदार निघाले. म्हणाले, "बर्फ तो बर्फ. भाव महत्त्वाचा. इच्छा पूर्ण झाली की आत्मा मोकळा होतो."

मोकळा होतो! म्हणजे नक्की काय होतं हो? मोकळे होऊन तुम्ही जाणार कुठे?

तिथेच माझं सगळं अडलंय. निखिलला मी गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं कारण त्याला कसं सांगू? या घरात मी एकटी आहे असं मला अजून वाटत नाही. यंदा नोव्हेंबर लागला तेव्हा मी स्वतः शेडमधून स्लेज काढून दाराशी ठेवली. रोज अडखळते, रोज तुम्हाला चार शब्द सुनावते. बर्फ पडायचाय, बायकोला घसरताना बघायचंय, म्हणून तुम्ही इथेच कुठेतरी रेंगाळताय, अशी माझी समजूत आहे. वेडी असेल, पण माझी आहे. मग त्या मशीनच्या बर्फावर अर्ध्या मिनिटात घसरून मी तुम्हाला निरोप देऊन मोकळी होऊ? मला नाही जमायचं.

पण शब्द तर दिलाय. आणि ज्या माणसाने एवढ्या हौसेने वाट पाहिली, त्याला माझ्यासाठी किती ताटकळत ठेवायचं? कधी वाटतं पडावा, कधी वाटतं नको. देवालाही कळत नसेल हिला हवंय तरी काय. म्हणून बिचाऱ्याने पंधरा अंशांवर थांबवून ठेवलंय.

हे एवढं लिहिता लिहिताच माझं ठरलं. शनिवारचं तिकीट रद्द करायला सांगते. निखिलला म्हणावं, त्याऐवजी ते लग्नाचं बघ.

स्लेजच्या पट्ट्यांना मेणबत्ती घासून ठेवलीय, तुम्ही घासायचात तशी. तो जाड कोट बाहेर काढलाय. दोन साइझ मोठा का आणलात ते आता कळलं, आत उशी बांधता येईल. खरा बर्फ पडला, याच पार्कात, गवत दिसेना इतका, की मी येईन. पॅम ढकलणार आहे, तिला सांगून ठेवलंय. मी मागच्या जागेवर बसेन, पुढची रिकामी ठेवेन. आणि सगळ्या पार्काला ऐकू जाईल एवढ्याने ओरडेन. हे माझं वचन.

पण एक अट आहे, आधीच सांगते. मध्यावर पोचले की मी पाय रोवणार.

अर्धाच उतार. उरलेला पुढच्या वर्षी.

तोवर थांबावं लागेल तुम्हाला.

तुमचीच,
दाराशी रोज अडखळणारी
सुनंदा