माळ्यावरची बावीस रताळी

१८ नोव्हेंबर २०२४

साखर बंद! तीन महिन्यांची सरासरी ८.४ निघाली. डॉक्टरांनी आकड्याभोवती गोल काढला आणि कानडीत म्हणाले, "साकु." म्हणजे पुरे. सदतीस वर्षं पोस्टात काढली, पण एवढ्या कमी शब्दांत एवढी वाईट बातमी देणारी तार हाताखालून गेली नव्हती.

घरी येताच सोनुबाईने कारभार हातात घेतला. साखरेचा डबा कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. गूळ कुठे गेला ते तिलाच ठाऊक. विचारलं – कायमचं? तर बायको म्हणते कशी, "फेब्रुवारीत परत तपासणी हाय. सातच्या खाली आली तर सोळा तारखेला बेळगावचा कुंदा मागवीन. न्हायतर न्हाय."

सोळा फेब्रुवारीला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. चाळीस वर्षांचा संसार, आणि कुंदा अटीवर.

१९ नोव्हेंबर

बिनसाखरेचा चहा. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

२४ नोव्हेंबर

आमची लेक उपासना इथे निपाणीच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आज जेवणाच्या टेबलावर तिचा उद्याच्या तासाचा सराव चालला होता. उकडून पांढरं केलेलं जास्वंदीचं पान, त्यावर आयोडीनचे थेंब. पान बघता बघता काळंनिळं झालं.

"आप्पा, हा स्टार्च. पान दिवसा उन्हात साखर करतंय. उरलेली साखर स्टार्च करून ठेवतंय. रात्री ऊन नसतंय, मग तेच मोडून परत साखर करून खातंय."

मी म्हटलं, पानाच्या कपाटाची किल्ली पानाकडेच असते तर. सोनुबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण खरी गंमत पुढेच. स्टार्च म्हणजे साखरेच्याच कणांची लांबच लांब माळ. माळेत ओवलेली साखर जिभेला कळत नाही. आपली लाळ ती माळ तोडते. उपासना म्हणाली, भाकरीचा घास चाळीसदा चावून बघा.

बघितला. पस्तीसपर्यंत काही नाही. अडतिसाव्याला – गोड! चोरून नाही, मागून नाही, माझ्या स्वतःच्या तोंडात तयार झालेलं गोड!

साखर ती साखरच, पोटात गेल्यावर भाकरीचीही तीच होते, असंही काहीतरी ती म्हणाली. तिकडे मी फार लक्ष दिलं नाही.

२८ नोव्हेंबर

एका भाकरीला एक तास पाच मिनिटं. पूर्वी तेवढ्या वेळात तीन भाकरी आणि एक डुलकी होत असे. आता एकीतच जबडा हात जोडतो.

सोनुबाई ताट उचलायला तीनदा येऊन गेली. "भाकरी खायलाय का भाकरीशी बोलायलाय?" मी मोजत होतो.

८ डिसेंबर

ज्योतिबा आला होता. पोस्टातला माझा जुना सोबती, कंग्राळीचा. येताना शेतातल्या रताळ्यांचं पोतं घेऊन आला. सोनुबाईने पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शेजारी वाटून टाका." वाटायला अर्थातच मी गेलो.

त्याआधी उपासनाला सहज म्हणून विचारून घेतलं होतं. वेलाची पानं करतात ती साखर खाली उतरते आणि मुळात स्टार्च होऊन बसते – तेच रताळं. ताजं पिठूळ लागतं. पण दोन-तीन आठवडे उबेत ठेवलं की आतल्या आत स्टार्च मोडतो आणि रताळं गोड होत जातं. मंद भाजलं तर आणखी गोड.

न्हाणीघराच्या माळ्याला खालच्या बंबाची ऊब लागते. शेजाऱ्यांना वाटून उरलेली बावीस रताळी तिथे जुन्या पोत्यात ठेवली आहेत. "उरलेली" म्हणजे वाटण्याआधीच मी बाजूला काढली होती. रोजनिशीत खोटं कशाला लिहा.

९ डिसेंबर

धीर धरणे.

१० डिसेंबर

तेच.

२५ डिसेंबर

आज पहिलं! आधी उपासनाच्या बाटलीतला आयोडीनचा थेंब टाकून पाहिला. डाग काळाच पडला, पण मनाची समजूत घातली की पानावरच्या डागापेक्षा फिका आहे. मग ते बंबाच्या राखेत पुरलं आणि आंघोळ लांबवली. सोनुबाई बाहेरून विचारत होती, "आत झोपला काय ओ?"

मधासारखा रस सुटला होता. दोन घासांत संपलं. चाळीस वगैरे मोजायचं भान राहिलं नाही.

नंतर दिवसभर वाईट वाटत होतं. संध्याकाळी फिरायला दुप्पट चाललो.

२ जानेवारी २०२५

मी तीन खाल्ली. एकोणीस उरायला हवीत. आहेत चौदा!

उंदीर. पिंजरा आणला.

७ जानेवारी

दहा. पिंजरा रिकामा.

सकाळी बंबाची राख काढताना जळकं साल सापडलं. माझं नव्हे – मी सालासकट खातो. उंदीर रताळी नेतील, कुरतडतील, सगळं मान्य. पण राखेत भाजून, सोलून खाणारा उंदीर निपाणीत अजून जन्माला यायचाय.

उपासनावर संशय येतो. तिला विद्या आहे.

१३ जानेवारी

आज पौर्णिमा. सोनुबाई विहारात जायच्या तयारीत. पांढरी सुती साडी, काल रात्री खळ घालून कडक केलेली, नेसायच्या आधी पाणी शिंपडून इस्त्री फिरवलेली.

मी तेवढ्यात माळ्यावर गेलो आयोडीनची बाटली घेऊन. स्टूल हललं, बुचाचा भरवसा नव्हताच. अर्धी बाटली पोत्याच्या तोंडावर सांडली. घाईने उतरून बाहेर पेपर वाचत बसलो. उलटा.

पंधरा मिनिटांनी सोनुबाई बाहेर आली. पदरावर काळेनिळे डाग. पाच. बोटांच्या मापाचे.

"ही कुठली शाई लागली?"

उपासनाने पदर हातात घेतला. "आई, खळ म्हणजे स्टार्चच की गं. ह्याला आयोडीन लागलंय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी सोनुबाईकडे पाहिलं. सोनुबाईने भिंतीकडे पाहिलं.

आयोडीन माळ्यावर कसं गेलं, हे तिला विचारायचं होतं. ती माळ्यावर कशाला गेली, हे मला विचारायचं होतं. ती दुसरी साडी नेसून विहारात गेली.

१४ जानेवारी

माझी पोलीस! किल्ली कमरेला लावून फिरणारी, आणि पहाटे बंब पेटवायच्या नावाखाली –

हसू आवरत नाही. रागही येत नाही, हेच नवल. मला नाही म्हणायचं म्हणून तिने तरी सगळ्यांसमोर गोड कधी खाल्लं? डबा मला बंद झाला त्या दिवसापासून तिचाही चहा बिनसाखरेचाच आहे. पदराचे डाग लिंबू लावून मीच काढत बसलो. अर्धे निघाले.

आठ उरलीत. मी आता हात लावणार नाही. तिची तिला राहू देत.

३० जानेवारी

माळा रिकामा. पोत्याची घडी घालून ठेवली आहे, नीट. उंदरांना घड्या घालता येतात!

१४ फेब्रुवारी

६.७! डॉक्टर म्हणाले, काय केलंत? मी म्हटलं, चावलं. बावीस रताळ्यांपैकी माझ्या वाट्याला चारच आली, हे त्यांना सांगितलं नाही. ज्या उंदराने मला वाचवलं तो शेजारीच खुर्चीवर बसला होता.

सोनुबाई खुशीत. बाहेर येताच तिने कुंद्यासाठी बेळगावला फोन लावला. डॉक्टरांनी आलीच आहे तर म्हणून तिचंही रक्त घेतलं होतं. आजवर कधी तपासलंच नव्हतं. माझ्या गोळ्या, माझं पथ्य, माझे रिपोर्ट – ती नुसती पिशवी धरून शेजारी बसायची. तिचा रिपोर्ट उद्या.

१६ फेब्रुवारी

काल रिपोर्ट आला. सोनुबाईची ९.६. मी रताळ्यांचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, हे अठरा रताळ्यांचं काम नव्हे, कितीतरी वर्षांचं आहे. कुंदा ज्योतिबाकडे पाठवून दिला. कपाटाची किल्ली तिने काढून माझ्या हातात दिली.

दुपारी समोरासमोर बसलो. एक भाकरी, दोघांत. मी विचारलं, "गोड लागतंय?"

"बोलू नगा," ती म्हणाली. "तेहतीस झालेत."