ठिणगी पडेना

१४ ऑक्टोबर १९५४, गुरुवार. आलापल्ली.

गाडी सुरू झाली नाही. हँडल मारून मारून तळहात सोलले.

सोमवारी डेपोत ह्यांच्या डाव्या पायावर सागाचा ओंडका घरंगळला. हाड शाबूत निघालं म्हणून सगळे हसले, हेही हसले. जखम बोटभर. आज पोटरी तट्ट फुगलीय, कातडी चकाकते. कंपौंडरांनी पट्टी सोडली तेव्हा नाकाला रुमाल लावला. बाहेर ओट्यावर येऊन म्हणाले, "वहिनी, माझ्याजवळचं औषध संपत आलंय. चांद्याचा मोठा दवाखाना गाठा. लवकर."

लवकर कसं? पावसाळ्यात बंद झालेली मोटार सर्व्हिस दिवाळीनंतर. लाकडाच्या लॉऱ्याही तेव्हाच. रेंजरसाहेब जीप घेऊन दौऱ्यावर, कुठे ते कुणाला ठाऊक नाही. उरली आमची म्हातारी मोटार, ठेकेदाराने जुनी झाली म्हणून ह्यांना देऊन टाकलेली. अख्खा पावसाळा पडवीत उभी. दसऱ्याला हार घालून ह्यांनी दोन फेऱ्या मारल्या, तेव्हाच फटफटत होती. दिवाळीआधी बघतो म्हणाले होते.

शेजारचे संभाभाऊ विचारून गेले. "बाई, बंडी जुपू का?" बैलबंडीने चांदा तीन-चार दिवस. तेही आष्टीला नदी ओलांडायला नाव लगेच मिळाली तर. आणि एवढे धक्के ह्या पायाला.

नको म्हटलं. गाडी होईल.

आमची लेक कुसुम सावली गावाला माझ्या आईकडे आहे ते बरं.

१५ ऑक्टो., शुक्र.

हे खाटेवरून सांगतात, मी करते. प्लग काढून आणून दाखवले. काळे, ओले. चुलीवर तापवले, तारेच्या ब्रशने घासले. मग प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून धरायचा आणि संभाभाऊंनी हँडल मारायचं.

"ठिणगी कशी आहे?" आतून ह्यांचा आवाज.

"तांबूस."

"निळी पाहिजे. टोपी काढ."

ज्या टोपीतून सगळ्या तारा निघतात ती. आत बुरशी आलेली, ओल. पुसून उन्हात ठेवली. बॅटरीत किल्लीने इंजिन फिरवण्याइतका जोर नाही, पण ठिणगीपुरता आहे म्हणतात.

दुपारी ठिणगी निळी पडली. दुसऱ्याच हँडलला गाडी सुरू! मी ओरडलेच. हे उशीवरून मान उचलून ऐकत होते. "चारही सिलिंडर बोलतात," म्हणाले. कितीतरी वेळ तशीच चालू ठेवली.

नाक्यापर्यंत नेऊन बघितली. डेपोच्या मैदानाबाहेर मी पहिल्यांदाच चालवली. नाक्याच्या अलीकडे दोन ठसके आणि बंद. खाली उतरले, हँडल मारलं, सुरू. थोडं पुढे, पुन्हा बंद. तीनदा असं. शेवटी लोकांनी ढकलत आणली. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या.

ह्यांना सांगितलं तर डोळे मिटून म्हणाले, "गरम झाली की मरते. कॉइल असेल. कॉइल इथे कुठे मिळणार?"

१६ ऑक्टो., शनि.

ताप चढलाय. पायावर लाल रेघ दिसते, गुडघ्याकडे निघालेली. कंपौंडरांनी तिच्या टोकाशी शाईने खूण केली.

कॉइल बदलता येत नाही, पण टोपीखाली उघडझाप करून ठिणगी पाडणारे पॉइंट घासता येतात. ते ह्यांनी सकाळी, शुद्ध होती तोवर, सांगितलं. काचकागदाने अगदी हलके. दोघांत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. एक स्क्रू गवतात पडला, दोघींनी, मी नि चंद्राबाईंनी (संभाभाऊंच्या घरच्या), गुडघ्यांवर बसून शोधला.

दारात उभी असताना गाडी घड्याळासारखी चालते. गरम होईस्तो चालवली, पाण्याला वाफ आली. बंद पडत नाही. मग कॉइल नाही! ह्यांना सांगायला धावले. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "सुई."

"सुई सकाळीच दिली ना कंपौंडरांनी."

"सुई बघ."

मी त्यांचाच दंड दाखवला त्यांना, सुई टोचल्याची जागा. तोंड फिरवलं. रागावले की काय कळेना.

संभाभाऊ पुन्हा म्हणाले, "अजून बी बंडी जुपतो. मशीनच्या भरवशावर मानूस काऊन ठेवून राह्यल्या?" चंद्राबाई त्यांना म्हणाल्या, "गप ऱ्हा ना." पण त्याही माझ्याकडे बघत होत्या.

उद्या निघायचंच. गाडी उभी चालते तर रस्त्यावरही

१७ ऑक्टो., रवि.

लिहवत नाही.

ह्यांना मागच्या सीटवर गादी घालून निजवलं. निघालो. नाका ओलांडला, मी देवाचं नाव घेतलं, आणि तिथेच बंद. सुरू. बंद. सुरू. बंद. प्रत्येक हिसक्याला मागून हे कण्हत होते. एकदा ओरडले. लग्नानंतर ह्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

बैल लावून गाडी परत ओढत आणली. मी स्टिअरिंग धरून, हे मागे. सगळी आलापल्ली बघत होती.

रेघ शाईच्या खुणेच्या बरीच वर गेली. मांडीवर. पावलाची बोटं काळपट. कंपौंडर माझ्याशी नीट बोललेच नाहीत. "आता कशानेही न्या," एवढंच.

पहिल्या दिवशी बंडीत घातलं असतं तर आता चांद्याजवळ, बल्लारपूरच्या आसपास असतो. हे कुणी बोललं नाही. सगळ्यांना येतं हे गणित.

संभाभाऊंना मीच सांगून आले. उद्या उजाडताच बंडी.

पडवीत जाऊन गाडीला लाथ मारली. माझाच अंगठा ठेचला.

१८ ऑक्टो., सोम. आष्टीच्या घाटावर, नावेची वाट बघत.

थोडक्यात लिहिते. नावाडी पलीकडून निघालाय.

सकाळी बंडीत पेंढा घालत होते. हे अर्धवट ग्लानीत. मी पाणी पाजायला वाकले तर परत तेच, "सुई. सुई हलते का?"

हलते का.

टोचायची सुई कशाला हलेल? हे बॅटरीच्या मीटरच्या काट्याला सुई म्हणतात! डेपोच्या मैदानावर शिकवताना म्हणायचे, सुई हलती ठेव. पेला तिथेच ठेवून पडवीत पळाले.

संभाभाऊ चिडले. "आता काय राह्यलं बाई? बैल जुपून हायेत."

"एकदा हँडल मारा. हळू. सुरू नाही करायची, नुसती फिरवा."

"मले तं काई समजून नाई राह्यलं तुमचं." पण मारलं बिचाऱ्यांनी.

किल्ली लावून मी काट्यावर डोळा ठेवला. हँडल फिरतं तसा काटा थरथरतो, मागेपुढे, मागेपुढे. पॉइंट उघडतात नि मिटतात. चांगलंच आहे मग. आता काय? मी रस्त्यावर काय करते जे दारात करत नाही? क्लच, गिअर, आणि स्टिअरिंगवरची ती लहान दांडी. सुरू करताना ती मागे असते, गाडी पळायला लागली की पुढे सारायची. बंद पडली की मी ती मागे घेऊन पुन्हा सुरू करते. प्रत्येक वेळी!

दांडी पुढे सारली. "फिरवा संभाभाऊ."

काटा एका बाजूला जाऊन चिकटला. हँडल फिरतंय, काटा गप्प. दांडी मागे, थरथर. पुढे, मेला.

टोपी काढली, तोंड आत घातलं. दांडीने आतली चकती फिरते, चकतीबरोबर पॉइंटची बारीक तार ताणते, आणि उंदरांनी की वयाने, तिच्यावरचं कापड झिजलेलं. उघडी तांब्याची तार लोखंडाला टेकत होती. करंगळीच्या नखाएवढी जागा. एवढ्यासाठी.

आनंद वगैरे झाला नाही. रागच आला. पहिल्या दिवशीच का नाही दिसलं.

कंपौंडरांकडून चिकटपट्टी आणून गुंडाळली. संभाभाऊंनी बैल सोडले आणि न सांगता पुढच्या सीटवर येऊन बसले. "रस्त्यात हँडल कोन मारन?" म्हणाले.

आष्टीपर्यंत एकदाही बंद नाही. हे फार बोलत नाहीत. मी मागे वळून "गाडी चालतेय हो" म्हटलं तर ओठ हलले.

नाव आली. दोन नावा जोडून वर फळ्या टाकल्यात. गाडी त्यावर चढवायची आहे.

१९ ऑक्टो., मंगळ. चांदा.

काल गोंडपिपरीपुढे चिकटपट्टी उष्णतेने सुटली, पुन्हा ठसके. ह्या वेळी कुठे बघायचं ते माहीत होतं. पदराची चिंधी फाडून बांधली आणि तार ताणू नये म्हणून दांडी अर्ध्यावरच ठेवून हाकली. इंजिन तापून लाल. दिवे लावायची वेळ यायच्या आत दवाखान्याच्या फाटकात शिरलो. तिथे संभाभाऊ उतरले आणि जमिनीवरच बसले. हात दुखत होते त्यांचे.

आज सकाळी मोठ्या डॉक्टरांनी पाय बघितला. नाकाला रुमाल न लावता, तोंड वाकडं न करता बघितला, त्याचंच बरं वाटलं मला. मग म्हणाले, गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. आज.

हे शुद्धीवर होते. ऐकलं. मग स्वच्छ आवाजात म्हणाले, "नाही."

मी काही बोलायच्या आत मला म्हणाले, "डावा पाय गेला तर डेपोत उभा कसा राहू? लाकडांवर चढायचं असतं. खुर्चीत बसवून कोण पगार देईल? मला परत ने, आलापल्लीला."

"परत नेऊन काय करू?"

"नेतेस की नाही?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि उठले.

व्हरांड्यात डॉक्टरांना गाठलं. विचारलं, चार दिवस आधी निघालो असतो तर? बंडीने का होईना. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, नखांत अजून काजळी आहे. "ते आता विचारू नका, बाई. आता पुढचं विचारा. त्यांची शुद्ध फार वेळ राहायची नाही. ती गेली की मी तुम्हाला विचारणार. पाय की माणूस."

"ते नाही म्हणालेत."

"ते म्हणालेत. तुम्ही नाही."

संभाभाऊंना सांगितलं. त्यांच्याकडूनच काहीतरी ऐकायचं होतं मला. ते म्हणाले, "मले नोको इचारू, बाई. बंडीचं म्या सांगतलं होतं, ते सोपं होतं."

दुपार. हे मघाशी पाणी मागत होते, आता मागत नाहीत. हाक मारली, पापणी हलली. पुन्हा मारली, हलली नाही. हात गरम आहे, माझ्या हातात आहे, पण मला धरत नाही.

शुद्धीवर आले आणि पाय नसला, तर माझ्याकडे कसे बघतील ते मला आत्ताच दिसतंय. आणि आलेच नाहीत तर कुणी माझ्याकडे तसं बघणार नाही.

डॉक्टर वॉर्डात आलेत. पलीकडच्या खाटेपाशी थांबलेत, नाडी बघताहेत. त्यानंतर आमची खाट.