वहिनीची शिकवणी

३ फेब्रुवारी

पुन्हा नापास! आणि कशात? तर भाषेत. बाकीचे पेपर सुटले, पण त्या वर्गीकरणाच्या परिच्छेदानं याही वेळी पाडलं. ‘दिलेल्या विषयाचे प्रकार पाडून एक परिच्छेद लिहा.’ अरे, बस डेपोतल्या हरवलं-सापडलं खिडकीवर मी दिवसभर दुसरं करते काय? छत्र्या इकडे, डबे तिकडे, चष्मे वरच्या फळीवर. पण कागदावर उतरवायचं म्हटलं की बोंब!

साहेब म्हणाले, “एप्रिलमध्ये शेवटची संधी. पास झालात तर हेडक्लार्क, आणि राहायला क्वार्टर.” क्वार्टर — म्हणजे स्वतःचं दार, स्वतःची किल्ली. दादाकडे मला काही कमी नाही. पण दादाचं घर ते दादाचंच घर.

५ फेब्रुवारी

वहिनीनं आपणहून विचारलं, “वन्सं, मी शिकवू का तुम्हाला?” लग्नाआधी ती शाळेत भाषा शिकवायची. मी चाटच पडले. एवढं सलग वाक्य या घरात सहसा ऐकू येत नाही.

दादा-वहिनी एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण वगैरे नाही हं — सवय! दादा मला म्हणतो, “चिमे, तिला सांग, चहा गार आहे.” ती शेजारीच उभी. ती मला म्हणते, “त्यांना सांगा, कप द्या, गरम करते.” मी म्हणजे या घरातलं टपालखातं. कशावरून सुरू झालं, ते आता त्यांनाही आठवत नसेल.

८ फेब्रुवारी

पहिला धडा. विषय — छत्र्या. मी ऐटीत लिहिलं, छत्र्या तीन प्रकारच्या असतात : काळ्या, लांब दांड्याच्या आणि मोडक्या. वहिनी इतकी हसली की पदरानं डोळे पुसावे लागले. “अहो, माझी छत्री काळी आहे, लांब आहे आणि मोडकीही आहे! ती कुठल्या ढिगात टाकाल?”

मग नीट समजावलं. आधी कसोटी एकच धरायची. रंग तर रंग, दांडा तर दांडा. मग प्रकार असे पाडायचे की एक वस्तू दोन ढिगांत जाता कामा नये आणि कुठलीच बाहेर राहता कामा नये. प्रत्येक प्रकाराला एक जिवंत उदाहरण. झालं! इतक्या वेळा नापास झाले, पण असं सोपं करून कुणी सांगितलंच नव्हतं.

९ फेब्रुवारी

डोकं ठणकतंय. तरी शिकवणी चुकली नाही.

२१ फेब्रुवारी

‘इतर’ लिहायला बंदी! “इतर म्हणजे विचार करायचा कंटाळा,” म्हणे. आमच्या खिडकीवरची सगळ्यात मोठी पेटी तीच, हे मी तिला सांगितलं नाही.

कामावरून आले की चहा, आणि लगेच वही. जरा टंगळमंगळ केली की, “एप्रिल काय लांब आहे का?” एवढी घाई कशाला हिला? आज भाजी निवडताना डोक्यात उजेड पडला. मी पास झाले की क्वार्टर, आणि नणंद घराबाहेर! वाईट वाटलं. खूप वाटलं. पण तिचं तरी काय चुकलं? लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिच्या संसारात आहेच की.

१४ मार्च

माझा विषय मलाच सापडला : खिडकीवर येणारी माणसं. कसोटी — वस्तू परत मिळाल्यावर काय करतात. काही जण आधी उघडून तपासतात, जसे काही आम्हीच चोर. काही गहिवरतात, एका आजोबांनी कवळी मिळताच तिथेच तोंडात बसवली आणि मला आशीर्वाद दिला. आणि काहींना मिळाल्याचा आनंदच नसतो. एक बाई पर्स हातात घेऊन नुसतं म्हणाली, “मिळाली का? बरं.”

वहिनीनं तिसरा प्रकार दोनदा वाचला. “छान उतरलाय,” एवढंच म्हणाली.

तेवढ्यात आतून दादा, “चिमे, तिला सांग, भूक लागलीय.” वहिनी म्हणाली, “त्यांना सांगा, शेवटचं वाक्य राहिलंय.” मी सांगितलं.

११ एप्रिल

पेपर झाला. विषय ‘शेजारी’. मागायला येणारे, सांगायला येणारे आणि कधीच न येणारे. ‘इतर’ नाही! बाहेर पडते तो वहिनी फाटकाशी उन्हात उभी. “कसोटी एकच धरलीत ना?” पाणीसुद्धा नंतर दिलं.

९ मे

पास!! साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं.

दादा म्हणाला, “वा, चिमे!” मग, “म्हणजे जाणार तू.” वहिनी ओट्यापाशी पाठमोरी, चक्क गुणगुणत होती. मी जाणार म्हणून इतका आनंद? शिकवलंस त्याबद्दल धन्यवाद म्हणणार होते, तेही राहिलं.

१ जून

किल्ली मिळाली. वरचा मजला, दोन खोल्या, नळाला पाणी. दादानं सामान पोचवलं आणि दारातूनच परत गेला. मागच्या खोलीत ठेवायला माझ्याकडे काहीच नाही. दार लावून टाकलंय.

२ जून

वहिनी आली. एकटीच. पुढची खोली पाहिली, मागची पाहिली, खिडकी उघडली, बंद केली. मग म्हणाली, “वन्सं, मागची मला चालेल. बॅग खाली जिन्यापाशी ठेवलीय.”

मी धावत खाली गेले. एक कसली! दोन बॅगा होत्या, शिवाय शिलाईचं मशीन.