मसांजाचा ढोल आणि लोणच्याची बरणी

मी, हरेश्वर नारायण आठल्ये, वय छप्पन, राहणार किहीम, तालुका अलिबाग, धंदा वृत्तपत्रांना बातमीपत्रे पाठवणे, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहितो. बहिणीचा धाक कायद्यात बसत नाही.

प्रथम तक्रार. माझी धाकटी बहीण नीराबाई माझ्या आफ्रिकेच्या ढोलावर लोणच्याची बरणी ठेवते. कातड्यावर तेलाचे वर्तुळ उमटले आहे. ते पुसून मगच पुढील कलमे अमलात आणावीत.

घर व नारळाची वाडी नीराबाईस. संस्कृत पोथ्या गावच्या वाचनालयास, वाळवीसकट.

आता ढोल. सन १९३८मध्ये मी टांगानिकात एका मिशनच्या छापखान्यात प्रार्थनांची मुद्रिते तपासत असे. भाषा कळत नव्हती. पण न कळणारी प्रार्थना अचूक म्हणणे पाठशाळेत शिकलोच होतो. तेथे नियम असा, की बाप्तिस्म्याआधी आपला ढोल फाटकाशी ठेवायचा. मसांजा नावाच्या शेतकऱ्याने ढोल ठेवला. बदल्यात सदरा आणि ‘जोसेफ’ हे नाव मिळाले. पाद्रीसाहेब ढोलांची होळी करणार होते, तिथी न बघता. मी त्यातला मसांजाचा मागितला.

“काय करणार?”

“धान्य ठेवीन.”

साहेब प्रसन्न झाले. त्यावर मी खुसखुशीत बातमीपत्र लिहिले. सारा कुलाबा जिल्हा हसला. पुढे तोच ढोल सतरा बातमीपत्रांत वाजवला.

यंदा त्याच मिशनचे पत्र आले. आता तेथील पाद्री मसांजाचाच मुलगा. प्रार्थनेला हल्ली ढोल लागतो, जुना एकही उरला नाही, तरी आपला पाठवावा. अठ्ठावीस वर्षांत देवाची आवड बदलली म्हणायची!

ढोल मिशनला देऊ नये. माझ्या पश्चात तो मसांजाच्या हाती द्यावा. मग त्याने देवळात वाजवावा, नाहीतर वर लोणचे ठेवावे. मोंबासाच्या बोटीवर काम करणारा थळचा सिराजुद्दीन पोचवील.

हे वाचून नीराबाई म्हणाली, “दादा, पाद्र्याने हिसकावला, तू पळवलास. आणि सिराजभाई पुढच्याच महिन्यात निघतोय. मरायची वाट कशाला बघतोस?”

तर कारण लिहितो. मसांजाचे घर फाटकापासून अर्ध्या मैलावर होते. त्याच संध्याकाळी ढोल परत देता आला असता. मला बातमीपत्र हवे होते. तो याबद्दल विचारील तेव्हा आपण नसावे, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र. पण पत्रावरून दिसते, मसांजा आता सत्तरीचा आहे. तो माझ्याआधी गेला तर, याची मला भीती वाटते.

किहीम, १२ नोव्हेंबर १९६६
हरेश्वर नारायण आठल्ये

साक्षीदार:
शिवदास भगत, शेजारी, किहीम
सिराजुद्दीन मुकादम, थळ. ढोल घेऊन ३ डिसेंबरला निघतो.