उसवलेला मोरपंखी कुर्ता

मंगळवार, संध्याकाळ

पाचवा महिना लागला, आता कपाटातलं काही अंगात जात नाही. नवीन घ्यायचं नाही, हे माझं ठरलेलं. काल मोरपंखी कुर्ता दोन्ही बाजूंनी उसवून सैल केला. शिवणीत दबलेल्या कापडाचा रंग अजून गडद आहे, त्यामुळे मुद्दाम पट्टी लावल्यासारखी दिसते. वर नवऱ्याचं जुनं खादी जाकीट, कानात झुमके. ऑफिसात नेहा म्हणाली, "ए, कसला भारी दिसतोय! कुठून घेतलास?" लक्ष्मी रोड, दिलं ठोकून.

पट्टीच्या कडेला भोकांच्या दोन रांगा आहेत. एक शिंप्याच्या मशीनची, दुसरी माझ्या हातची. गेल्या वर्षीही हाच कुर्ता उसवला होता. चौथ्या महिन्यात सगळं संपलं, मग मीच तो परत आत घेतला. नेहाला भोकं दिसली असतील का? दिसली तरी तिला काय कळणार म्हणा.

सासूबाईंना दिसली. चष्मा लावून त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "बाळंतपणानंतर आत घ्यायचा झाला तर माझ्याकडे दे. तुझे टाके म्हणजे गोधडीचे."

बाळंतपणानंतर, म्हणाल्या. किती सहज.