वहिनीची वेणी

सुरत

ती. मायस तनुजाचा नमस्कार.

मी इथं बरी हाय. काम नीट चाललंय, खोलीत पाणीही दोन्ही वेळा येतं. बाबांचा खोकला कमी झाला का?

फोनवर बोलले असते, पण तुझा फोन कायम वहिनीच्या हातात असतो. म्हणून लिहून राहिले.

परवा दादानं फोटो पाठवला. ओसरीवर तू वहिनीची वेणी घालून राहिलीस आणि ती डोळे मिटून बसलीय. मला त्या फोटोतून कोमट करडीच्या तेलाचा वास आला बघ. माझी मान हलली की तू डोक्यात फणी मारायचीस. "नीट बस गं, माकडा!" म्हणायचीस. वहिनीलाही मारतीस का? मारत नसशील.

ती लई गुणाची हाय. तिची माय लहानपणीच गेली, हेही मी विसरले न्हाई. तरी पोटात जळलं, माय.

काल मी तेल आणलं. आपल्या हदगावच्या घाण्यावरचं इथं कुठून मिळणार? शेजारच्या मावशींना म्हटलं, "लावून देता का?" त्यांनी मायेनं लावलं आणि मला रडूच फुटलं.

"तेल डोळ्यात गेलं का?" त्यांनी विचारलं.

मी हाव म्हणाले.

दिवाळीला येतेय. वहिनीसाठी साडी घेतलीय, तिला आवडेल असा रंग बघून. पण मी घरी असेपर्यंत तू माझ्या एकटीची राहा.

हे पत्र तिला वाचायला देऊ नको.

तुझ्या पोटची,
तनुजा